सांडव्यावरच्या फळ्या

त्या वर्षी गणपतीला वसंता घरी आला नाही. आमच्या गुहागरकडे माणूस कुठेही नोकरीला असो, गणपतीला येतोच. न येण्याला फार मोठं कारण लागतं, आणि वसंताने कारणही कळवलं नव्हतं. जळगावच्या पत्त्यावर टाकलेली माझी तीन पत्रं गेली ती गेलीच. चौथं 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. शाळेला नाताळची सुट्टी लागली त्या दिवशी मी पिशवी भरली आणि एकटीच निघाले. पन्नाशी जवळ आलेली आणि तोवर पुण्यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

वसंता माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा, त्यामुळे त्याला मीच वाढवलं. पुढे नकाशे काढण्याचं काम शिकून तो जळगावला ड्राफ्ट्समन म्हणून लागला. लग्न केलं नाही. गेली तीन-चार वर्षं त्याच्या पत्रांत स्वतःबद्दल काही नसे, सगळं एका ओढ्याबद्दल असे. तो राहायचा त्या मोतीबाग वसाहतीच्या वरच्या अंगाला नवे प्लॉट पडले होते, डांबरी रस्ते झाले होते, आणि पूर्वी जमिनीत मुरणारं पाणी आता पावसाळ्यात थेट खाली लोकांच्या घरात शिरत होतं. लोक पक्की गटार मागत होते. वसंता त्यांना सांगत होता की पाणी पळवू नका, थांबवा. 'ताई, एकदा येऊन बघ,' असं प्रत्येक पत्राच्या शेवटी असे. मी दर वेळी 'पुढल्या सुट्टीत' असं लिहीत असे.

जळगाव

पहाटे गाडीतून उतरले आणि थंडीने दात वाजायला लागले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटेची एक शाल. इथली थंडी कोरडी, ओठ फोडणारी. रस्त्यावरून केळ्यांच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्या चालल्या होत्या आणि गाडीवानांनी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडी लपेटली होती. झाडं कमी, आभाळ फार मोठं. समुद्राची सवय असलेल्या डोळ्यांना ते थोडं ओळखीचं वाटलं.

मोतीबाग शोधायला वेळ लागला नाही. 'वसंतभाऊंची बहीण' म्हटल्यावर रिक्षावाल्याने मला थेट भिकाआबांच्या दारात नेऊन उतरवलं. आबा साठीचे, पांढरी टोपी, एका जिनिंग कारखान्यात कापूस दाबायच्या यंत्रावर आयुष्य घालवून निवृत्त झालेले, मूळचे धरणगावकडचे. वसाहतीच्या कमिटीचे तेच प्रमुख. मी कोण हे कळताच त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग आत वळून बायकोला, जिला सारी वसाहत अक्का म्हणे, ओरडून म्हणाले, "अक्का, च्या ठेव. वसंतभाऊनी बहीन उनी शे."

"वसंता कुठे आहे?" मी विचारलं.

"धुळ्याला शे. बरा शे," आबा म्हणाले. "आधी च्या घ्या. मंग तुम्हाले आमचं काम दाखाडतो."

बरा आहे एवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. काम बघायला मी त्यांच्यामागे निघाले.

आणि ते काम बघण्यासारखं होतं, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. प्रत्येक गल्लीच्या कडेने गुडघाभर खोल चर, त्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. छपरांचं पाणी पन्हाळीतून त्यात उतरत होतं. चरांच्या काठाने करंज लावलेले, माणसाच्या उंचीचे झालेले. जिथे ओढ्याचा काठ ढासळत होता तिथे वाळ्याची दाट रांग. वाळा मला माहीत होता तो माठात टाकायचा, तो माती धरून ठेवतो हे मी तिथे पाहिलं. प्रत्येक घराने आपल्या दारापुढचा चर स्वतः खणला होता. ज्या घरात खणणारं कोणी नव्हतं तिथला शेजाऱ्यांनी खणला. या चरांतून उरलेलं पाणी खालच्या अंगाला एका तळ्यात जात होतं. काळ्या मातीचा लांब बांध, आणि मध्ये दगडांनी बांधलेली एक मोकळी जागा.

"हा सांडवा," आबा म्हणाले. "तळं भरलं का जास्तीचं पानी आठून निघी जातं."

त्या मोकळ्या जागेत खाचा होत्या आणि खाचांत सागाच्या दोन जाड फळ्या आडव्या बसवलेल्या होत्या. बांधाच्या एका टोकाला मात्र माती नवी दिसत होती, रंगाने फिकी. त्याखाली ओढ्याच्या पात्रात एक चौकोनी जागा उघडी पडलेली, चुलीचे तीन दगड तसेच.

"इथे कोण राहत होतं?" मी विचारलं.

आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि म्हणाले, "चला, विहीर दाखाडतो." पावसाळा संपून तीन महिने झाले तरी विहिरीत वाकून हात बुडवता येईल एवढं वर पाणी होतं. पूर्वी दसऱ्यालाच तळ दिसायचा, असं तिथल्या बाया आपणहून सांगत होत्या.

दुपारी ओढ्याकाठी माझ्यासाठी भरीत झालं. हिरवी लांबोडकी वांगी तुराट्यांच्या जाळात भाजली, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचली, वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेली, जरा काळपट. मी भात खाणारी बाई. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मिरचीने नाकाडोळ्यांतून पाणी आलं तेव्हा बायकांनी हसत गूळ पुढे केला. सगळे वसंताबद्दल भरभरून बोलत होते. तो कसा हातात पहार घेऊन पहिला खड्डा खणायला उतरला, कसा बायकांना नकाशा वाचायला शिकवला. पण तो का गेला, हे कोणी सांगेना. विचारलं की बोलणं दुसरीकडे जाई.

शेवटी सांगितलं ते अक्कांनी. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्यांना लसूण सोलून देत होते. आबा बाहेर गेले होते.

"तठे बांधाखाली जामसिंग ऱ्हाये," अक्का म्हणाल्या. हातातलं काम थांबवलं नाही. "सातपुड्याकडचा. पावरा आदिवासी. तळं बठ्ठं, सगळंच्या सगळं, त्यानीच खनलं म्हना ना. बायकोचं नाव रायली, दोन पोरी. काम झाल्यावर वसंतभाऊंनी त्याला बांधाचा राखनदार ठेवला, आन् कमिटीनं बांधाखाली खोपडी टाकू दिली. जागा लागे त्याला. आमी म्हटलं, ऱ्हाऊ दे तठे."

मग दुसऱ्या वर्षी विहिरींना पाणी चढलं आणि लोकांना हाव सुटली. सांडव्यात तीन फळ्या टाकल्या तर तळ्यात हातभर पाणी जास्त राहील असं कोणीतरी काढलं. वसंताने सांगितलं होतं की बांध तेवढ्या पाण्यासाठी केलेला नाही. पण त्याने फार ताणलं नाही. मोठा पाऊस आला की फळ्या काढायच्या, एवढी अट घातली. मारुतीच्या पारावर सभा झाली.

"आबा म्हनले, बठ्ठा हात वर करा. बठ्ठासनी केले. मीबी केला. वसंतभाऊंनीबी केला." अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "जामसिंग आन् रायली भिंतीजोळ बसेल होते. त्येंना कोनी इचारलंच नाही. ते काय कमिटीत नव्हते."

श्रावणात एका रविवारी दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. फळ्या पाण्याने फुगून खाचांत घट्ट बसल्या होत्या. जामसिंग सांडव्यात उतरला आणि पहारीने एक फळी काढली. दुसरीला हात घातला तोवर पाणी बांधाच्या टोकावरून वाहायला लागलं आणि ते टोक त्याच्यासकट गेलं. झोपडीही गेली. रायली पोरींना घेऊन वर रस्त्यावर उभी होती. जामसिंग सापडला तो दुसऱ्या दिवशी, दीड मैलावर, बाभळीत.

"आमच्या घरात पानी शिरलं नाही," अक्का म्हणाल्या. "एकाच्याबी नाही." आणि त्या परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसल्या.

धुळे

धुळ्याची एसटी पारोळ्यामार्गे गेली. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीची करडी शेतं. माझ्या डोक्यात मात्र तो हात वर करण्याचा प्रसंग फिरत होता. गर्दीत उभा असलेला वसंताचा हात मला दिसत होता. लहानपणी तो हात वर करी तो मी विचारलेल्या पाढ्याचं उत्तर द्यायला.

अक्कांनी सांगितल्याप्रमाणे तो शहराबाहेर पांझरेकाठी एका शेतकऱ्याकडे राहत होता. त्यांना सगळे नाना म्हणत. नदीवर जुने बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखाली फड. फडात सगळ्यांची जमीन एकमेकांना लागून, सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी आळीपाळीने. कोणाचं वावर कधी भिजवायचं हे पाटकरी ठरवतो, मालक नाही. नाना तसे पाटकरी होते. आमच्याकडे पाऊस एवढा की पाणी वाटून घ्यायची वेळ कधी आली नाही. म्हणून असेल, मला ही व्यवस्था फार शहाणी वाटली. तिथे पोचताना पाटाच्या कडेच्या काळ्या चिखलात माझी चप्पल अशी रुतली की अंगठा तुटूनच बाहेर आली. नानांच्या दारात मी एक पाय अनवाणी अशी उभी राहिले.

वसंता ओसरीवर बसून पाटांचा नकाशा काढत होता. मला बघून उठला. त्याचे गाल आत गेले होते आणि दाढी निम्मी पांढरी झाली होती. अडतिसाव्या वर्षी.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"अक्कांनी."

"मग झालं," तो म्हणाला आणि परत खाली बसला.

नानांच्या घरी शेवभाजी केली होती, लाल तर्रीची. नाना मला म्हणाले, "बाई, तुना भाऊ जेवत नही. पान वाढतस तं नुसता बसी ऱ्हास. तू सांग त्याले." मी त्याच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, लहानपणी द्यायचे तशी. त्याने चार घास खाल्ले.

दुपारी आम्ही बंधाऱ्यावर जाऊन बसलो. पाणी कमी होतं, पण वाहत होतं. बराच वेळ तो बंधाऱ्याच्या दगडांबद्दल बोलत राहिला. किती जुने, चुन्यात कसे बसवलेले. मग मध्येच थांबला.

"ताई, मी जागा होतो."

मला कळलं नाही.

"त्या रविवारी. पाऊस सुरू झाला तेव्हा मी खोलीवर होतो. सगळ्यांना सांगितलं की मी भुसावळला गेलो होतो. गेलो नव्हतो. मला ताप वगैरे काही नव्हता. पावसाचा आवाज ऐकला आणि मला कळलं की हा पाऊस वेगळा आहे. मी उठलो, खुंटीवरची छत्री काढली, दारापर्यंत गेलो. आणि मनात आलं की जामसिंग आहे ना तिथे. तो काढेल फळ्या. मी छत्री परत टांगली आणि आडवा झालो."

मी त्याचा हात धरला. मला म्हणायचं होतं की तू गेला असतास तर तूही वाहून गेला असतास. आईसारखं मनात पहिलं तेच आलं, आणि बरं वाटलं की तो गेला नाही. हे मी इथे लिहिते आहे कारण त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. जामसिंगलाही कोणी बहीण असेल.

"रायलीला भेटलास?"

"दर महिन्याला जातो. ज्वारी नेतो, पोरींना कपडे नेतो. पण हे सांगितलं नाही. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जातो."

"उद्या जाऊ," मी म्हणाले. "मी येते."

सातपुड्याचा पायथा

शिरपूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये आम्ही सतरा माणसं आणि दोन कोंबड्या होतो. मध्ये एका नाल्यात चाक रुतलं, तेव्हा पुरुष खाली उतरून ढकलायला लागले, मग बायकाही उतरल्या, मीही. उरलेला रस्ता पायी. डोंगर जवळ आले तशी जमीन लालसर, दगडाळ झाली. साग पानं गाळून उभे होते. घरं एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येक घर आपल्या वावरात. आमच्या कोकणातल्या वाड्यांसारखी, फक्त नारळ नाहीत.

रायलीबाई घरी नव्हती. वरच्या उतारावर बायका-पुरुष दगड लावून पाणी अडवायचे चर खणत होते, त्यांत ती होती. अंगाने बारीक, तिशीच्या आतली. वसंताला पाहून तिने कुदळ खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि घराकडे चालायला लागली. आम्ही मागून गेलो. तिने खाट टाकली. तांब्यात पाणी आणलं. मला आधी दिलं, मग त्याला. तिची भाषा पावरी, पण जळगावात राहून ती खानदेशी शिकली होती. माझ्याशी त्याच भाषेत बोलली.

"तू यानी बहीन?"

"हो."

"लांबून उनी."

वसंता उभाच होता. त्याने ज्वारीची पिशवी भिंतीला टेकवली आणि तसाच उभा राहून सांगायला लागला. छत्री, दार, जामसिंग काढेल असं वाटणं, आडवं होणं. आधी नीट बोलत होता, मग त्याचा आवाज गेला आणि तो तोंडावर हात धरून रडायला लागला. मी उठले नाही. ते त्याचं त्यालाच करायचं होतं.

रायलीबाईने सगळं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान पिशवी बाहेर फेकेल.

"तो म्हने, भाऊ येतीन," ती म्हणाली. "पानी पडे तव्हय तो दारमा बसेल व्हता. म्हने, भाऊ येतीन, मंग दोन्ही जन काढू. मी सांगं, कोनी नही येस. आपलं घर खाले शे, तूच जाय. मीच धाडं त्याले."

वसंताचं रडणं थांबलं होतं. दारात तिची धाकटी पोर येऊन उभी राहिली, आम्हाला पाहून परत गेली.

"भाऊ, एक सांगू?" रायलीबाई म्हणाली. "तू आते येत नको जाऊ."

वसंताने मान वर केली.

"तू येस, आठे बसस, रडस. मंग माले तुले पानी देनं पडस. मनी रोजनी मजुरी बुडस. पोरी दोन दिन इचारतस, तो मानूस कसाले रडे. मी त्यासले काय सांगू?" ती हे शांतपणे बोलत होती, एखाद्या शेजाऱ्याला सांगावं तसं. "तुनं तू देख. मनं मी देखसू."

"ज्वारी?" तो एवढंच म्हणाला.

"मना हातपाय शेतस."

तिने आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मक्याची भाकरी आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी. आम्ही जेवलो, तिने ताटं उचलली, कुदळ घेतली आणि आमच्याबरोबरच बाहेर पडली. उताराच्या वळणावर ती वर गेली, आम्ही खाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ज्वारीची पिशवी तेवढी राहू दिली, की तिचं लक्ष गेलं नाही, कोण जाणे.

शिरपूरच्या स्टँडवर वसंताने मला विचारलं, "ताई, आता मी काय करू?" मुलांना वर्गात मी रोज उत्तरं सांगते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच.

परतल्यावर

मी गुहागरला आले आणि शाळा सुरू झाली. होळीच्या सुमारास त्याचं पत्र आलं. तो मोतीबागेत परत गेला होता. पारावर सभा बोलवायला सांगून त्याने सगळ्यांसमोर ती रविवारची गोष्ट सांगितली, आणि सांडव्यातल्या उरलेल्या दोन फळ्या काढून टाकायची मागणी केली. मग वाद झाला. पाणी खाली जाईल, इतकी मेहनत वाया जाईल, असं पुष्कळांचं म्हणणं. हात थोडेच वर आले. अक्कांचा आला. आबांचा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आबा स्वतः पहार घेऊन बांधावर आले, आणि त्यांनी व वसंताने मिळून फळ्या काढल्या. विहिरी यंदा उन्हाळ्याआधीच खाली गेल्या आहेत. दोन घरं वसंताशी बोलत नाहीत. काही जण चरांतला गाळ काढायला येईनासे झाले आहेत, तो काढतो, अक्का काढतात.

रायलीबाईबद्दल पत्रात एकच ओळ होती. 'तिने सांगितलं तसं मी गेलो नाही. दर महिन्याची ती तारीख आली की सकाळपासून हात रिकामे वाटतात.'

मी उत्तरात पुष्कळ लिहायचं ठरवलं होतं. शेवटी एवढंच लिहिलं की जाऊ नकोस, आणि मे महिन्यात मी येते, चरातला गाळ काढायला दोन हात आणखी होतील.